जोसेफ जेंकिन्स यांच्या डायऱ्या शेतीसाठी वाचा

जोसेफ जेंकिन्स यांचं नाव निघालं की 'भटका कवी' एवढंच सांगितलं जातं. बायको, मुलं, वेल्समधली शेती मागे ठेवून पन्नाशीत ऑस्ट्रेलियाला गेलेला माणूस म्हटल्यावर गोष्ट रंगतेच. पण त्यांच्या डायऱ्यांचं खरं मोल शेतीच्या नोंदींत आहे, असं माझं ठाम मत आहे.

जेंकिन्स यांचा जन्म 1818 चा, वेल्समधल्या कार्डिगनशायर परगण्यातला. त्रेगॅरनजवळचं त्रेकेवेल हे शेत ते खंडाने करायचे आणि 1839 पासून रोज डायरी लिहायचे. 1868 च्या डिसेंबरात घर सोडलं, मार्च 1869 मध्ये मेलबर्नला उतरले आणि पुढची 25 वर्षं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात मजुरी केली. स्वतः जाणता शेतकरी दुसऱ्याच्या रानात रोजाने राबतो, तेव्हा मालकाची चूक त्याला लगेच दिसते. त्याच रानात वर्षानुवर्षं गहू, शेणखताचा पत्ता नाही, पिकाची फेरपालट नाही. शेणखत आणि चुन्यावर जमीन जपणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला हे बघवणं शक्यच नव्हतं. तिथल्या शेतीपद्धतीवर त्यांनी कडक लिहिलंय, ते उगीच नाही.

मजुराचं काम नेमकं काय असायचं? कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या काडाच्याच बंधाने बांधायच्या, ओंब्या वर ठेवून एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, वाऱ्यावर वाळू द्यायच्या आणि मगच गंजी रचायची. घाई करून ओलसर पेंढी रचली की गंजी आतून तापते, दाणा काळा पडतो, बुरशी धरतो. कधी गंजी आपोआप पेटतेही. हंगाम ऐन डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात, म्हणजे वेल्समध्ये नाताळची थंडी असते तेव्हा.

रान मोकळं करायचं दुसरं काम. निलगिरीच्या बुंध्याभोवती कुऱ्हाडीने सालीचं पूर्ण वळं काढायचं. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली जातं. ती वाट तुटली की मुळं उपाशी मरतात आणि झाड उभंच वाळतं. बोटभर साल राहिली तरी झाड तग धरतं. वळं नीट निघालं तरी खालून धुमारे फुटतात, ते पुन्हा पुन्हा मोडावे लागतात. झाड मेलं तरी खोड खणून काढायचं काम उरतंच.

काम संपलं की बिऱ्हाड पाठीवर. ब्लँकेट पसरून मधे कपडे ठेवायचे, दोन्ही कडा आत दुमडायच्या, घट्ट गुंडाळी करून दोन ठिकाणी पट्टे आवळायचे. या गुंडाळीला म्हणतात स्वॅग, म्हणून तो मजूर स्वॅगमन. गुंडाळी सैल राहिली तर ओझं एका बाजूला कलतं आणि पट्टा खांदा कापतो. शिधा वेगळ्या पिशवीत पुढे टांगला की तोल सावरतो. शिवाय चहाचा पत्र्याचा डबा. जेंकिन्स यांच्या ओझ्यात डायरीची भर होती.

डायरी इंग्रजीत, कविता मात्र वेल्शमध्ये. एंगलिन या वेल्श काव्यप्रकारात चार ओळी, 10, 6, 7, 7 अशी 30 अक्षरं आणि व्यंजनांच्या जुळणीचे काटेकोर नियम. दिवसभर विळा चालवून हे जमवणं मला थक्क करतं.

उतारवयात, 1885 पासून, मॉल्डन या सोन्याच्या खाणींच्या गावात ते रस्त्याकडेची गटारं साफ करत होते. 1894 मध्ये मायदेशी परतले, 1898 मध्ये गेले. त्यानंतर सुमारे 70 वर्षांनी त्रेगॅरनजवळच्या एका शेतघराच्या माळ्यावर डायऱ्या सापडल्या. नातू डॉ. विल्यम इव्हान्स यांनी 1975 मध्ये त्यांतला निवडक भाग पुस्तकरूपाने आणला. मूळ ऑस्ट्रेलियन डायऱ्या आता मेलबर्नला, व्हिक्टोरियाच्या राज्य ग्रंथालयात आहेत. अभ्यास करायचा तर निवडीवर न थांबता त्या मूळ वह्यांपर्यंत जा, आणि सुरुवात जानेवारीच्या पानांपासून करा. तेव्हा कापणी चालू असते.