निळी ट्रॉली शोधायची कुठे?
एका लेखात वाचलं, म्हणे स्वतःच्या वापराची गाडी असेल तर नोंदणीची सक्तीच नको. काय भो, एकदा रात्री आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर रोडनं मोटरसायकल चालवून पाहा मग बोला. मागच्या सीझनला केळीची ट्रॉली आमच्या काकाला घासून निघून गेली, ना नंबर ना रिफ्लेक्टर, पोलिसात सांगायचं काय तर निळी होती! १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ३९ आहे ना, नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, खासगी असो की भाड्याची. आता १५ वर्षांनी परत नोंदणीसाठी आरटीओच्या चकरा, त्यात एजंट, वैताग येतो हे शंभर टक्के मान्य. ते सोपं करा की, पण नंबर प्लेटच काढून टाकायची म्हणजे?