शाळेचा पहिला दिवस आणि घड्याळाचा हिशेब

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "आवर लवकर!" पाच मिनिटांत चार वेळा. ते ऐकून कुठलंच मूल लवकर आवरत नाही, कारण नेमकं काय करायचं ते त्या दोन शब्दांत सांगितलेलंच नसतं. मला ठामपणे वाटतं की त्या सकाळचा गोंधळ मुलाच्या हट्टामुळे किंवा आळसामुळे होत नाही. आपण मोठ्यांनी वेळ कमी धरलेला असतो आणि तो तुटवडा मुलावर ओरडून भरून काढतो. मग तेच मूल रडवेल्या चेहऱ्याने नव्या वर्गात पाऊल टाकतं. हे टळू शकतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी हिशेब. घंटा ८.३०ची आहे असं धरा आणि उलट मोजत या. फाटकाशी १० मिनिटं आधी, म्हणजे ८.२०ला पोचायचं. रस्त्याला २० मिनिटं लागत असतील तर घराचं दार ८ वाजता ओढायचं. आता इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. "आठला निघायचं" म्हणजे आठला बूट शोधायला लागणं, असं आपण नकळत धरतो. बूट, दप्तर, बाटली, जिना, आणि हमखास विसरलेल्या एका वस्तूसाठी परत वर येणं, याला १० मिनिटं जातात. म्हणजे बूट ७.५०ला पायात हवेत. त्याआधी १५ मिनिटं मोकळी. कपडे आणि केस १५ मिनिटं, शी-शू १०, खाणं २०, दात आणि आंघोळ १५, आणि डोळे उघडून अंथरुणातून बाहेर यायला १५. मूल उठायला हवं ६.२०ला. एकूण १३० मिनिटं. आपण मनात धरलेला असतो तासभर.

ज्यांना ६.२० अशक्य वाटतं त्यांनी आंघोळ आदल्या रात्रीवर टाकावी, १० मिनिटं तिथे वाचतात. पण मधली १५ मोकळी मिनिटं कापू नका. सांडलेलं दूध, तुटलेलं बटण, अचानक आलेलं रडू, सगळं त्यातूनच निभावतं. काहीच झालं नाही तर मूल तयार कपड्यांत १५ मिनिटं खेळेल. तेव्हा हातात मोबाइल किंवा टीव्ही मात्र नको, कारण तो बंद करताना होणारं भांडण त्या १५ मिनिटांहून मोठं असतं. चित्र रंगवणं, ठोकळे, असं मध्येच सोडता येईल ते द्या.

खाणं आंघोळीनंतर लगेच आणि कपड्यांच्या आधी का, तर त्याला दोन कारणं आहेत. पहिलं उघड आहे: नवे कपडे खरकटे होत नाहीत. दुसरं महत्त्वाचं. पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते आणि पुष्कळ मुलांना खाल्ल्यावर १५ ते ३० मिनिटांत शीला लागते. खाऊन लगेच घराबाहेर काढलं तर ती वेळ रस्त्यात किंवा वर्गात येते. पहिल्या दिवशी अनोळखी स्वच्छतागृहात जायचं, अनोळखी बाईंना ते सांगायचं, हे लहान मुलाला फार अवघड वाटतं. मग ते दाबून धरतं, पोट दुखतं, आणि आपल्याला वाटतं शाळा आवडली नाही. उठल्या उठल्या घासही घशाखाली न उतरणं हेही बऱ्याच मुलांचं असतं. उठल्यापासून अर्ध्या तासाने तेच मूल खातं. वरच्या हिशेबात ते आपोआप साधलं जातं.

आता झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास. मुलाला १० तास पुरत असतील आणि ६.२०ला उठायचं असेल, तर झोप ८.२०ला लागायला हवी, म्हणजे ८ पर्यंत अंथरुणात. सुटीत ते १०.३०ला झोपून ८.३०ला उठत असेल, तर अंतर २ तास १० मिनिटांचं आहे. रोज १५ मिनिटं सरकवलं तर ९ दिवस लागतात. सरकवायची ती उठायची वेळ. झोपेची वेळ मागोमाग येते. कारण कुणालाही हुकमावर झोपवता येत नाही, उठवता मात्र येतं. उठल्यावर लगेच उजेडात आणा, खिडकी उघडा, अंगणात किंवा गच्चीवर न्या. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लवकरच्या वेळेकडे सरकतं, रात्रीच्या लखलखाटाने उशिराकडे.

आणि दोनच दिवस उरले असतील तर? आदल्या रात्री दोन तास आधी दिवे मालवण्यात अर्थ नाही. मूल नुसतं लोळत राहतं, उद्याच्या विचाराने आणखी जागं होतं. त्यापेक्षा दोन्ही दिवस सकाळी लवकर उठवा, मोठ्या मुलाची दुपारची झोप टाळा, संध्याकाळी भरपूर पळू द्या.

बुटांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पहिल्या दिवशीचं निम्मं रडू पायातून येतं असं माझं मत झालं आहे. "वाढतं अंग आहे" म्हणून दोन नंबर मोठे बूट घेऊ नका. पाय आत पुढेमागे सरकतो, टाच घासते, फोड येतो, जिन्यात ठेच लागते. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे साधारण १ सेंटिमीटर जागा पुरे. माप संध्याकाळी घ्यावं, पाय तेव्हा किंचित फुगलेले असतात. दोन्ही पायांचं घ्यावं, कारण एक पाय बहुधा थोडा मोठा असतो. शाळेचे मोजे घालूनच घ्यावं. मग चार-पाच दिवस घरात रोज अर्धा-पाऊण तास बूट घालून फिरू द्या. टाचेशी लाल डाग दिसला तर उपाय करायला हातात वेळ असतो. पाच-सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना नाडी बांधता येत नाही, तिथे वेल्क्रोच हवा. डावा-उजवा कळत नसेल तर एक गोल चित्र मधोमध कापून अर्धं-अर्धं दोन्ही बुटांच्या आत चिकटवा. चित्र जुळलं की बूट बरोबर. आदल्या दिवशी पायाची नखंही कापा.

नवे कपडे एकदा धुऊनच घालावेत. खळ निघते, कापड मऊ पडतं आणि मानेशी टोचणारं लेबल कापायचं लक्षात येतं. नव्या कपड्याची काजं घट्ट असतात. बटण दहा-बारा वेळा काढघाल केलं की सैलावतात. मुलाला ते कपडे घालून एकदा घरच्या संडासात एकट्याने जाऊ द्या. हुक, बक्कल, घट्ट बटण यातलं काय त्याला उघडत नाही ते तिथे लगेच कळतं. न उघडणारं असेल तर लहान मुलाला कमरेला इलॅस्टिकच बरं. एक जोडी आतले कपडे पिशवीत घालून दप्तरात ठेवा आणि ती कुठे आहे ते मुलाला दाखवा. नुसतं ठेवून उपयोग नाही.

डब्याची चाचणी घरी घेतलीच पाहिजे. मुलाच्या हातात भरलेला डबा द्या, लांब उभे राहा आणि बघा. चारही कड्या निघतात का, झाकण ओढताना अर्धं अन्न मांडीवर येतं का, पुन्हा बंद करता येतं का. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: गरम अन्न भरून लगेच घट्ट झाकण लावलं की आतली वाफ थंड होऊन दाब कमी होतो आणि झाकण चोखल्यासारखं बसतं. सकाळी सहज उघडणारं झाकण मधल्या सुटीत मुलाच्या बोटांना दाद देत नाही. वाफेचं पाणी पडून अन्नही ओलं होतं. पूर्ण हवाबंद डबा असेल तर अन्न दहा मिनिटं उघडं ठेवून मगच बंद करा. पहिल्या दिवशी पदार्थ ओळखीचाच असावा आणि नेहमीपेक्षा थोडा कमी. गप्पा, गडबड आणि हात धुणं धरून प्रत्यक्ष खायला दहा-पंधरा मिनिटंच उरतात.

बाटली गळते ती बहुतेक वेळा झाकणातली रबरी रिंग धुऊन परत नीट न बसवल्याने. भरून, उलटी धरून, दहा सेकंद हलवून बघा. एवढं करूनही ती बाहेरच्या कप्प्यातच ठेवा, वह्यांशेजारी नको.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं, म्हणजे २० किलोच्या मुलाला २ किलो. रिकामं दप्तर ७०० ग्रॅम, अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली साडेसहाशे, डबा ४०० धरला की पावणेदोन किलो तिथेच संपले. म्हणून शाळेने सांगितलं नसेल तर पहिल्या दिवशी सगळी पुस्तकं कोंबू नका. नाव सगळ्या वस्तूंवर घाला. डब्यावर आणि झाकणावर वेगवेगळं, कारण हरवतं ते झाकण. दप्तरावर मात्र नाव आतल्या बाजूला लिहा. बाहेर मोठ्या अक्षरात असेल तर कुणीही अनोळखी माणूस मुलाला नावाने हाक मारू शकतो. आपला फोन नंबरही आतल्या कप्प्यात ठेवा.

दोन मुलं असतील तर दोघांना एकाच वेळी उठवू नका. न्हाणीघर एक, आरसा एक, आणि आपले हात दोनच. १५ मिनिटांचं अंतर ठेवा. आधी मोठं, कारण ते बरंचसं स्वतः करतं. धाकटं उठेल तेव्हा आपण मोकळे असतो. आपण स्वतः मुलांच्या पाऊण तास आधी उठून, तयार होऊनच त्यांना उठवलेलं बरं.

बोलताना एका वेळी एकच काम सांगा. "मोजे घाल." ते झालं की पुढचं. "दात घास, कपडे घाल आणि दप्तर आण" यातलं लहान मुलाच्या लक्षात बहुधा एकच राहतं, आणि उरलेल्या दोनांसाठी बोलणी खावी लागतात. हा अन्याय आहे. "पाच मिनिटांत" हेही त्याला कळत नाही. "हे गाणं संपेपर्यंत" कळतं.

फोटो घरी काढा, मोकळ्या १५ मिनिटांत. फाटकाशी नको, तिथे मुलाला आपला चेहरा हवा असतो. वाहनाने जाणार असाल तर दोन-तीनशे मीटर आधीच उतरून चाला. पहिल्या दिवशी फाटकासमोर कोंडी ठरलेलीच, आणि दप्तर घेतलेलं मूल तेवढं अंतर चार-पाच मिनिटांत कापतं. आपला हात धरून चालण्याची ती मिनिटं त्याला सावरायला उपयोगी पडतात.

निरोप एका मिनिटात घ्या. जवळ घ्या, परत कधी येणार ते घड्याळाने न सांगता घटनेने सांगा, "डबा खाऊन झाला, खेळून झालं की मी इथेच उभी असेन." मग बाईंच्या हातात हात द्या आणि निघा. तीनदा मागे वळून आलात तर प्रत्येक वेळी रडू नव्याने सुरू होतं. मात्र नजर चुकवून कधीही पळून जाऊ नका. ते मूल दिवसभर दाराकडे बघतं आणि दुसऱ्या दिवशी हात सोडत नाही. आई-बाबा दिसेनासे झाले की बहुतेक मुलांचं रडणं थोड्याच वेळात ओसरतं.

आणायला सांगितलेल्या जागी १० मिनिटं आधी उभे राहा. मूल भुकेलं आणि थकलेलं असेल, प्रश्नांची सरबत्ती थांबवून आधी काहीतरी खायला द्या. डबा तसाच परत आला असेल तर रागावण्याआधी झाकण बंद करून त्याच्याच हातात द्या आणि उघडतं का ते बघा.