मातीसाठी सिंटिलेटर: ‘जास्त प्रकाश देतो तोच उत्तम’ हे खरं नाही

सिंटिलेटर म्हणजे गॅमा किरण पडला की प्रकाश देणारा क्रिस्टल; त्यावरून मातीतले किरणोत्सर्गी घटक मोजतात. तो कोणता घ्यावा याबद्दल गोव्यातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: “सोडियम आयोडाइड जुना झाला, आपल्या दमट हवेत टिकत नाही. सर्वांत जास्त प्रकाश देणारा लॅन्थनम ब्रोमाइड घ्या. परवडत नसेल तर एलवायएसओ (ल्युटेशियमयुक्त क्रिस्टल).” जांभ्या मातीतलं पोटॅशियम, युरेनियम, थोरियम मोजायचं असेल, तर हा सल्ला ऐकू नका.

‘जास्त प्रकाश.’ गॅमा ऊर्जेच्या एका एमईव्हीमागे (ऊर्जेचं एकक; केईव्ही त्याचा हजारावा भाग) सोडियम आयोडाइड सुमारे 38,000 फोटॉन देतो, थॅलियमयुक्त सिझियम आयोडाइड सुमारे 54,000. तरीही नेहमीच्या बायअल्कली फोटोमल्टिप्लायरवर (प्रकाशाचा विद्युत सिग्नल करणारी ट्यूब) सिझियमवाल्याचा सिग्नल सोडियमवाल्याच्या निम्म्याच्या आसपासच भरतो. त्याचा प्रकाश 550 नॅनोमीटरचा, ट्यूबला चांगलं दिसतं 400 च्या आसपास. सिलिकॉन फोटोडायोड लावला की पारडं फिरतं.

‘लॅन्थनम ब्रोमाइडच घ्या.’ 662 केईव्हीला त्याचं रेझोल्यूशन (शिखराची रुंदी; जितकी कमी तितकी जवळची शिखरं वेगळी दिसतात) सुमारे 3 टक्के, सोडियम आयोडाइडचं 7. हे मान्य. पण त्यातला लॅन्थनम-138 स्वतःच किरणोत्सर्गी आहे. त्याचा 1436 केईव्हीचा गॅमा आणि बेरियमचा क्ष-किरण क्रिस्टलच्या आतच एकत्र मोजले जातात, आणि शिखर उमटतं 1470 च्या जवळ. पोटॅशियम-40 चं शिखर 1461 ला! जांभ्यातून पोटॅशियम पावसानं आधीच धुऊन गेलेलं असतं. उरलेलं क्षीण शिखर त्याखाली गाडलं जातं.

एलवायएसओ तर मातीसाठी नकोच. ल्युटेशियम-176 मुळे दर घन सेंटिमीटरला सेकंदाला पावणेतीनशेच्या आसपास विघटनं त्याची स्वतःचीच. रुग्णालयातल्या पेट (PET) स्कॅनरमध्ये दोन फोटॉन एकाच क्षणी पकडायचे असतात, म्हणून तिथे ते चालतं.

‘दमट हवेत टिकत नाही.’ लॅन्थनम ब्रोमाइडही पाणी शोषतोच. दोन्ही ॲल्युमिनियमच्या डब्यात सीलबंद येतात. डबा उघडू नका. काचेमागे पिवळसर डाग दिसले आणि रेझोल्यूशन 7 वरून 9-10 टक्क्यांवर गेलं, तर सील गेलं समजा. पावसाळ्यात जास्त त्रास देतो तो एसी खोलीतून अंगणात नेलेला डिटेक्टर. कनेक्टरवर दव धरतं, हाय व्होल्टेज गळतं, खालच्या चॅनलांत खोट्या पल्सची गर्दी होते. तापमान तासाला 8-10 अंशांहून जास्त बदललं, तर क्रिस्टल तडकूही शकतो. डिटेक्टर सिलिका जेलसह बंद पेटीत न्या, बाहेरच्या तापमानाला हळूहळू येऊ द्या, मगच व्होल्टेज चढवा. नंतर सिझियम-137 नं कॅलिब्रेशन पुन्हा तपासा, कारण तापमानागणिक शिखर सरकतं.

लॅन्थनमचे पैसे 3 बाय 3 इंची सोडियम आयोडाइड आणि भोवतीच्या 5 ते 10 सेंटिमीटर शिशावर घाला. माती 105 अंशांना वाळवून, चाळून, हवाबंद डब्यात चार आठवडे ठेवा. युरेनियम मालिकेतला रेडॉन वायू आणि त्याची अपत्यं (त्याच्या विघटनातून बनणारे अणू) समतोलाला आल्याशिवाय युरेनियम मालिकेचा आकडा कमीच येणार.