बसलेला केक, उलटलेली ट्रॉली

केक बसला. मधोमध असा खड्डा पडला की त्यात गवत अंथरून बाळ येशूला निजवलं असतं तर वेगळी गव्हाणी करायला नको.

पाककृती चुकली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मैदा, लोणी, साखर प्रत्येकी पाव किलो, पाच अंडी, सुका मेवा अर्धा किलो, बेकिंग पावडर एक सपाट चहाचा चमचा, सोडा पाव चमचा. असे दोन डबे. घरचा ओव्हन नेमका त्याच आठवड्यात गेला (त्याला नाताळ कळतो), म्हणून डबे पिशवीत घालून कोल्हापुरातल्या लाकडाची भट्टी असलेल्या एका जुन्या बेकरीत गेले. तिथे अजून घरचं सामान भाजून देतात. आपण भाजणावळ द्यायची आणि गप्प बसायचं.

लाकडाच्या भट्टीला बटण नसतं, वेळापत्रक असतं. ती सगळ्यात तापलेली असते तेव्हा पाव. पाव निघाले की नानकटाई, बिस्किटं. धग आणखी उतरली की केक, आणि रात्री उरलेल्या उबेत टोस्ट वाळतात. भट्टीवाला आत चिमूटभर मैदा फेकून बघतो. डोळ्यांदेखत काळा पडला तर थांबायचं, सावकाश बदामी झाला तर फळांचा केक आत. ह्या केकाला साधारण दीडशे अंश आणि दोन तास लागतात. धग जास्त असली की वरची साल आधी बांधली जाते आणि आतलं ओलं मिश्रण तिला फोडून बाहेर येतं. कमी असली की तो फुगायचा कंटाळा करतो. माझी तिसरीच गत झाली. सोड्याला आंबट रस लागला की तो कामाला लागतो, भट्टीची वाट बघत नाही. बुडबुडे येतात, फुटतात, जातात. पंधरा-वीस मिनिटं निभतं. त्यानंतर डब्यात उरते ती मनुक्यांची पेज.

माझे डबे एक तास चाळीस मिनिटं थांबले.

नंबर माझाच होता. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर पहिला डबा चढलाही होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब रे भावा. त्यात अंडं हाय न्हवं?"

मागे एक मावशी. ठसठशीत कुंकू, हातात स्टीलचा डबा, बाजूला पाच किलो मैद्याच्या नानकटाईचे नऊ ट्रे. नाताळच्या सुट्टीला नातवंडं यायची होती. "मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार हाय. माज्या नानकटाईच्या आदी अंडं आत जायचं न्हाई. वास लागतोय."

त्याच भट्टीतून दहा मिनिटांपूर्वी निघालेला अंडा पॅटिसचा ट्रे काउंटरवर वाफाळत होता. मी तो बोटाने दाखवला.

"ते बेकरीचं हाय," मावशी म्हणाल्या. "हे घरचं हाय."

ह्यावर काय बोलणार? भट्टीवाल्याने डबा खाली उतरवला आणि मला डोळ्यांनीच 'जाऊ दे की ताई' असं सांगितलं. आम्ही दोघी मैद्याच्या पोत्यांवर बसलो.

"ह्यात दारू घालतासा न्हवं?"

"नाही. संत्र्याचा रस."

"मग कशाचा केक!" मावशींचा चेहरा पडला. केकात अंडं नको, पण दारू नाही म्हणून हळहळ.

इथे थोडं थांबून बोलायला हवं. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या मागून वाढलेल्या ख्रिस्ती मंडळीत दारूला घरात जागा नव्हती, त्यामुळे आमच्याकडचा मेवा रसातच भिजतो. काळे मनुके, बेदाणे, खजूर बारीक चिरून, पपईची टुटीफ्रुटी, संत्र्याच्या सालीचा किस. रमात भिजवलेला मेवा महिनोन्महिने टिकतो. रसातला फ्रिजमध्ये आठवडाभर, फार तर दहा दिवस. बाहेर राहिला तर चार दिवसांत फसफसतो, आणि मग त्याची दारूच होते, मिशन काहीही म्हणो. भिजलेला मेवा निथळून दोन चमचे मैद्यात घोळवला नाही तर तळाला बसतो. रंगासाठी दोनशे ग्रॅम साखर कोरडीच जाळायची, पार गडद तपकिरी होऊन धूर निघेपर्यंत, आणि त्याच क्षणी उकळतं पाणी पाऊण कप, हात लांब ठेवून. दोन सेकंद आधी केलं तर केक गोरा, दोन सेकंद उशीर झाला तर कडू. एवढा सगळा व्याप केल्यावर लोक विचारतात, रम कुठली वापरली?

"तुमच्यात चालतं न्हवं?" हा लोकांचा त्यापुढचा प्रश्न. डिसेंबर लागला की हे 'तुमच्यात चालतं' सुरू होतं. आमच्यात काय चालतं ते गिरणीवाल्याला विचारा. दिवाळी होऊन दोन महिने झाल्यावर चकलीची भाजणी दळायला नेली की तो जातं थांबवून म्हणतो, आत्ता कसली चकली? करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, सगळा फराळ आमच्या नाताळाला असतो. पण केकाच्या तुकड्याला दहा हात पुढे येतात आणि करंजी बघून चेहरे उतरतात. "आमच्यासारखंच की!" असं म्हणतात, जणू आम्ही फसवलं.

मावशींनी तोवर माझ्या डब्याचा कागद वाचायला घेतला होता. डब्याला आतून दोन पदरी लोण्याचा कागद लावतात आणि बाहेरून जाड कागदाची चौपदरी पट्टी सुतळीने बांधतात, म्हणजे कडा करपत नाहीत. माझ्याकडे त्यासाठी साभार परत आलेल्या कथांचा साठा आहे.

"'अनुजाने थरथरत्या हाताने पडदा सारला. बाहेर बर्फ...' हे कुणी लिवलंय?"

"मी. प्रेमकथा लिहिते. नाताळाच्या."

"नाताळाच्याच?"

"विशेषांकाला लागतात."

"बर्फ कुठनं आणतासा?"

"गोष्ट शिमल्याला घडते."

"आनि बोलत्यात मराठी?"

नाताळाच्या प्रेमकथेचा एक साचा ठरलेला आहे. शहरातली मुलगी डिसेंबरात गावी येते, तिथे एक विधुर असतो, त्याला सहा वर्षांचं मूल आणि केसाळ कुत्रा असतो, आणि बर्फाचं वादळ येऊन ती दोघं एका छपराखाली अडकतात. बर्फ शोभेला नसतं, त्याचं काम असतं. न पटणाऱ्या दोन माणसांना निघून जाता येऊ नये, एवढंच. तेही आलं इंग्लंडातून. चार्ल्स डिकन्स ह्या इंग्रज कादंबरीकाराने 1843 च्या डिसेंबरात 'अ ख्रिसमस कॅरल' ही नाताळाची प्रसिद्ध भुताची गोष्ट छापली. त्याच्या लहानपणी तिथले हिवाळे खरोखर कडाक्याचे होते, त्याची थंडी अजून आमच्या कथांना वाजते. येशूच्या जन्माच्या मूळ गोष्टीत बर्फाचं नावही नाही. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ रात्री रानात कळप राखत बसलेत. शेतात मेंढरं बसवणारे धनगर आपल्याकडे दर थंडीत दिसतात, त्यासाठी शिमला कशाला? हे मला तिथे पोत्यावर बसून सुचलं असतं तर बरं झालं असतं. पण सुचलं मावशींना.

"शिरोली नाक्यावर उसाची ट्रॉली उलटवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ट्रॉली उलटली की दोन तास कोण हालतंय का? पोरगं मोटारसायकलवर, पोरगी केएमटीच्या बशीत खिडकीला. त्यो खाली पडलेला ऊस उचलतोय, तिला देतोय. ती म्हणती मला नगं. मग अर्ध्या तासानं खाती." मावशी डोळे मिटून बघत होत्या. "मागनं सगळी हॉर्न मारत्यात. ह्यास्नी ऐकू येत न्हाई."

मी सोळा वर्षं हा धंदा करते. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम, कारखाने रात्रंदिवस चालू, पहाटे पारा पंधराच्या आसपास, हवेत मळीचा वास, गुऱ्हाळाच्या चुलवणावर उकळता रस आणि भोवती शेकत उभी माणसं. नाताळाच्या कथेला लागते ती थंडी, ऊब, गोड वास आणि अडकलेली वाट, सगळं ह्या जिल्ह्यात फुकट आहे. आणि मी भर मे महिन्यात पंख्याखाली घाम पुसत शिमल्याचं बर्फ लिहिते, कारण विशेषांकाचा मजकूर पावसाळ्यातच मागतात.

"पोरगी तुमच्यातली, पोरगं आमच्यातलं करा," मावशींनी पुढचं प्रकरण घेतलं.

म्हटलं, ते जमत नाही. ख्रिस्ती प्रेमकथेला नियम असतात. चुंबन एकच, तेही शेवटच्या दोन पानांत, आणि दोघांचा विश्वास एक हवा. बायबलात प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय, विजोड जोडी एका जुवाला जुंपू नका.

"बरोबर हाय. एक बैल उंच नि एक बुटका, गाडी उलटायचीच." मावशी थोड्या थांबल्या. "मग ट्रॅक्टर नगं. बैलगाडीच उलटवा."

लग्न पंचवीस तारखेला लावून टाका, अशीही सूचना आली. तेही जमत नाही, आणि हे संपादकांनाही दरवर्षी सांगावं लागतं. मागणी चोवीसच्या रात्री घातली तर त्यानंतर तीन रविवार चर्चमध्ये लग्नाची घोषणा वाचायची असते. म्हणजे जानेवारीचा मध्य उजाडतो. नाताळाआधी उरकावं, तर आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. जुन्या रिवाजात त्या दिवसांत लग्नं टाळतात.

"म्हंजे तुमच्यात बी पौष असतोय," मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आपलेपणाने बघितलं. मीही विरघळले. ट्रॉलीबद्दल आभार मानणार, तोच त्या म्हणाल्या,

"पर तुमचं मराठी लई चांगलं हाय की!"

म्हणाल्या अगदी मनापासून, कौतुकाने. गुडघ्यावर थाप मारून.

आता घरी बसून मला सगळी उत्तरं येतात. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचलं, ते छापून आलं 1616 मध्ये. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं 1842 मध्ये. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात, ती 1857 ची, लिहिणारे ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी, शेजारच्या बेळगावचे. आमच्या 'उपासना संगीत' ह्या गीतांच्या पुस्तकात रेव्हरंड टिळकांची पदं आहेत आणि नाताळात आम्ही ती पेटी-ढोलकीवर म्हणतो. चांगलं कसलं? घरचंच आहे ते. आणि माझी भाषा चांगली म्हणणाऱ्या मावशी "मी पयल्यांदाच आलोय हितं" म्हणत होत्या. बाईमाणसाने 'आलोय' म्हणायचं, हे जगात फक्त कोल्हापूरकरणींना शोभतं. मीही घरी तसंच बोलते. कथेत तेवढी अनुजा 'आले' म्हणते. पण त्या वेळी तोंडातून निघालं काय, तर "थँक्यू मावशी."

नऊ ट्रे निघाले. नानकटाई अशी खुसखुशीत की राग यावा. माझे डबे आत गेले तोवर भट्टी उतरली होती. दोन तासांनी विणकामाची सुई खुपसली, तर ओली निघाली. आणखी चाळीस मिनिटं ठेवले. कडा सुटल्या, मध्य काही उठला नाही. भट्टीवाल्याने खड्ड्यावर बोट दाबून बघितलं आणि म्हणाला, "कापून टोस्टाबरोबर वाळवू का? केक-टोस्ट हुतोय झकास." बोटभर जाडीचे काप, रात्रभर उरलेल्या धगीत, मध्ये एकदा उलटून. उपाय चांगला आहे, मलाही माहीत होता. फक्त नाताळाला कुणी केक-टोस्ट वाटत नाही. भाजणावळ त्याने दोनदा लावली, केकाची वेगळी आणि टोस्टाची वेगळी.

मावशी डबे भरून रिक्षात बसता बसता परत आल्या. मला वाटलं, नानकटाई देतील.

"पंचवीसला बी गुरुवारच हाय," त्या म्हणाल्या. "पर तवर पौष लागलेला असतोय. अंड्याचं चालतंय. एक किलो ठेवा माजा. आनि जरा फुगलेला द्या."