खिळा नाही म्हणे! मग दारावर काय आहे?

आत्यानं एक फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला तोवर ठीक होतं. पण शनिवारी सोसायटीतल्या पोरांना ती तो वाचून दाखवणार म्हटल्यावर लिहावंच लागलं. मजकूर असा: बीजिंगची फॉरबिडन सिटी, म्हणजे चिनी सम्राटांचा जुना राजवाडा, एकही खिळा न मारता बांधली, म्हणून 600 वर्षं जशीच्या तशी उभी आहे, आत 9,999 आणि वर अर्धी खोली, छपरावर पक्षी बसत नाहीत.

फॉरवर्डमधलाच फोटो मोठा करून बघा. लाल दार, त्यावर सोनेरी गोळे, नऊ ओळींत नऊ-नऊ, म्हणजे एका कवाडावर 81. फळ्या पक्क्या करणाऱ्या खिळ्यांची ही टोकं, पुढे त्यांचा दागिना झाला. छपराच्या कडेची कौलंही खिळ्यांनीच धरलेली, वर चकचकीत टोप्या. बरं, खांब-तुळया खाचेत कुसू (लाकडाचंच कोरलेलं टोक) बसवून जोडल्यात आणि भूकंपात ते सांधे थोडे हलून धक्का सोसतात, हे खरं. तेवढंच.

‘जशीच्या तशी’ वाचून मात्र डोकं फिरलं. 1420 मध्ये काम संपलं. 1421 मध्ये, राजदरबार भरून जेमतेम तीन महिने होतात तोच, वीज पडून मुख्य तिन्ही महाल जळाले. 1557 मध्ये पुन्हा. 1597 मध्ये पुन्हा. 1679 मध्ये सगळ्यांत मोठा महाल परत खाक. आज लोक ज्याच्यापुढे सेल्फी काढतात तो 1695 चा. लाकूडच ते, जळणारच! आवारातले तांब्या-लोखंडाचे 300 वर रांजण पाणी भरून ठेवायला होते, शोभेला नव्हे. बहुतेक सगळीकडे पिवळी कौलं असताना 1776 च्या ग्रंथालयावर काळी घातली, कारण चिनी समजुतीत काळा हा पाण्याचा रंग. पुस्तकांना आगीचं भय, दुसरं काय.

खोल्यांचं म्हणाल तर चिनी ‘ज्येन’ म्हणजे खोली नव्हे, चार खांबांमधली जागा. आपल्या वाड्यातला खण. 1973 च्या मोजणीत असे खण 8,700 च्या घरात भरले. तिथल्या संग्रहालयाचे माजी संचालक शान जीश्यांग 9,371 सांगत. 9,999 कुणाच्याच मोजणीत नाहीत. ‘अर्धी खोली’ म्हणून दाखवतात तो त्याच ग्रंथालयातला जिन्याचा अरुंद खण.

आणि पक्षी? तिथल्या कावळ्यांपर्यंत हा फॉरवर्ड पोचलेला नाही.

आत्याला दाराचा फोटो पाठवलाय. ‘शनिवारी पोरांकडून मोजून घेते,’ म्हणाली.