फळीला पोट सुटतं तेव्हा

आमच्या पुस्तकांच्या फळीला पोट सुटलंय. फळी पार्टिकल बोर्डाची, लांबी चार फूट, मध्ये आधार नाही आणि वर 1980 पासूनचे दिवाळी अंक. बायको म्हणते, अंक रद्दीत द्या, फळी आपोआप सरळ होईल. मी सांगितलं, पूर्ण नाही होणार. वर्षानुवर्षं भार सोसला की बोर्डाचं वाकणं अंगवळणी पडतं. "मग फळीही रद्दीत द्या," ती म्हणाली.

मेहुणा स्ट्रक्चरल इंजिनीयर. चहा यायच्या आत त्याने फळीखाली दोरा ताणला. "सव्वा इंच! भाऊजी, दोष अंकांचा नाही, यंग मॉड्युलसचा."

हा थॉमस यंग लंडनचा डॉक्टर. रोग्यांतून सवड काढून इजिप्तच्या चित्रलिपीत डोकं घालायचा, आणि 1807 साली छापलेल्या व्याख्यानांत पदार्थांच्या ताठरपणालाही त्याने माप लावलं. त्याच मापाला आज यंग मॉड्युलस म्हणतात; आकडा जितका मोठा, तितका पदार्थ ताठ. (आमचे डॉक्टर फक्त वजन कमी करा म्हणतात. बायकोच्या पक्षातले.) पोलाद 200 गिगापास्कल, सागवान 10 ते 12, आणि माझा बोर्ड 2 ते 3. म्हणजे तेवढ्याच मापाच्या सागवानी फळीपेक्षा चौपट वाकणार.

"मग मरीन प्लाय घेऊ?"

"त्याचे जास्तीचे पैसे पाण्यासाठी असतात. हॉलमध्ये पूर येतो का तुमच्या?"

मग त्याने माझ्याच एका अंकाच्या मलपृष्ठावर गणित मांडलं. जाडी दुप्पट केली तर वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. पुस्तकांनी भरलेल्या फळीची लांबी निम्मी केली तर थेट सोळाव्या. म्हणजे मध्ये एक आधार हवा. पण मध्ये खाली टीव्ही आहे, आणि त्याला हात लावायची आमच्या घरात कोणाची छाती नाही.

सुताराने गिगापास्कल विचारलेच नाहीत. बोटाने फळी दाबून म्हणाला, "फुडून सागाची पट्टी मारतो. दीड इंच, उभी. सहा सुताची." (म्हणजे पाऊण इंच जाड.) मेहुण्याने पुन्हा पेन काढलं. ती एकटी पट्टी आमच्या अख्ख्या दहा इंची बोर्डाच्या तिपटीनं ताठ निघाली. मेहुणा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला, मग सुताराला म्हणाला, "मीही तेच सुचवणार होतो."

सुतार सोमवारी येतो म्हणालाय. कुठल्या सोमवारी, ते नाही बोलला. तोवर टीव्हीच्या शेजारी जाडजूड कोशांची चळत रचून फळीला टेकू दिलाय. काल मेहुण्याने खालच्या फळीलाही दोरा लावला.