एकच हात सुजला असेल तर तो चोळू नका

घरोघरीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: मार न लागता हात सुजला तर तो वात, मीठ बंद करा, गरम तिळाच्या तेलाने जोर लावून चोळा, दुखत नसेल तर डॉक्टरकडे जाऊ नका.

मूत्रपिंड किंवा हृदयाच्या विकारात अंगात पाणी साठतं, तेव्हा सूज बहुधा दोन्ही पायांवर नाहीतर डोळ्यांभोवती दिसते. एकच हात सुजला की कारण बहुतेक वेळा त्या हातात, काखेत किंवा छातीच्या वरच्या भागात असतं. तिथे मीठ सोडून काय होणार?

चोळण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. रक्ताची गुठळी फक्त पायात होते असं नाही. हाताची मोठी शीर कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीच्या मधून जाते. वजनं उचलणाऱ्या, पोहणाऱ्या, गोलंदाजी करणाऱ्या धडधाकट तरुणांतही ती तिथे चेपून गुठळी होऊ शकते. जेम्स पॅजेट या डॉक्टरांनी १८७५ मध्ये आणि फॉन श्र्योटर या डॉक्टरांनी १८८४ मध्ये हा आजार मांडला. आजही तो दोघांच्या नावाने ओळखला जातो. केमोथेरपीचं पोर्ट (औषध शिरेत सोडायला कातडीखाली बसवलेली छोटी डबी) किंवा पेसमेकरची वायर यांमुळेही गुठळी होते. हात जड होतो, निळसर पडतो, खांद्यावर शिरा उठून दिसतात. असा हात रगडताना गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीवावर बेतू शकतं. डॉप्लर सोनोग्राफी (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) करून घ्या, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ गाठा.

हात लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता मोठी. त्यालाही तेल नको, औषध हवं.

‘दुखत नाही ना, मग सोडा’ हे वाचून मला खरोखर राग येतो. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड, म्हणजे हातातला द्रव जिथून वाहून जातो त्या गाठी) काढलेल्या किंवा रेडिएशन घेतलेल्या बाईचा हात कित्येक वर्षांनीही सुजू शकतो, आणि सुरुवातीला फारसा दुखत नाही. बांगडी चढत नाही, ब्लाउजची एकच बाही घट्ट होते, आणि बाई ‘अंग भरलं’ म्हणून गप्प बसते. विदर्भातल्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात डास चावून शिरलेले जंतही हात सुजवू शकतात, जरी पाय जास्त सुजतात. कर्करोगानंतरची ही सूज लवकर दाखवली तर पट्ट्या, दाबाची बाही (हातावर घालायची घट्ट लवचीक बाही) आणि व्यायाम यांनी आटोक्यात राहते. त्यात मालिशही असते, पण ती शिकलेल्या फिजिओथेरपिस्टची, कातडी जेमतेम सरकेल इतकी हलकी, आणि गुठळी नाही याची खात्री झाल्यावरच.